टक्का कळला, दिवस कोण मोजणार?

दिव्यांग प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची बातमी अधूनमधून येतेच. कुणी खोटा दाखला काढून नोकरी लाटली, कुणाला पुन्हा तपासणीला बोलावलं. मग आठवडाभर पारावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच विषय चालतो, टक्का किती? चाळीसच्या वर की खाली? ही चाळीसची रेघ २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातली. या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट कायम ठेवली. खोटे दाखले पकडले पाहिजेत, त्यात वाद नाही. पण खऱ्या दाखल्यावरचा खरा टक्का तरी काय सांगतो?

समजा दोन माणसं आहेत. दोघांचाही उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला, टक्का सारखाच. एकजण लातुरात तळमजल्यावर राहतो, बँकेत बसून काम करतो, कृत्रिम पाय सैल झाला की रजा टाकून दुरुस्त करून आणतो. दुसरा धारूरच्या डोंगरपट्ट्यातला, ऊसतोडीला जाणारा. आता मुकादम त्याला टोळीत घेत नाही. संडास घरामागे चढावर. कृत्रिम पाय मिळालाय, पण पहिल्या वर्षात गुडघ्याखालचा उरलेला भाग आक्रसतो, त्यामुळे पाय ढिला पडला आणि आता तो खुंटीला लटकतोय. दाखल्यावर दोघं सारखे, पण दोघांच्या दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक मोजायचा आणि त्यामागची कारणं शोधायची, हे ऑक्युपेशनल थेरपीतल्या, 'ऑक्युपेशनल जस्टिस' ही कल्पना धरून चालणाऱ्या एका शाखेचं काम आहे. सामाजिक न्याय, अपंगत्व आणि गावाचं आरोग्य असे तीन धागे ती एकत्र धरते. नाव जड असलं, तरी विषय आपल्या ओट्यावरचा आणि आडावरचा आहे.

ऑक्युपेशन म्हणजे नोकरी नव्हे

मराठीत याला 'व्यवसायोपचार' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, धंदा शिकवत असतील. इथे ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं. दात घासणं, भाकरी थापणं, जनावरांना वैरण घालणं, शाळेत जाणं, हरिपाठाला बसणं, पत्ते कुटणंसुद्धा. हे करता येत नसेल तर करता येण्याची वाट काढायची, ही ऑक्युपेशनल थेरपी.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. जन्माने अमेरिकन आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं. १९५२ साली जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आज २०२१ च्या संबद्ध आरोग्य व्यवसाय कायद्यात हा व्यवसाय नावानिशी आहे.

'म्हणजे फिजिओच ना?' असं हमखास विचारतात. एका उदाहरणाने फरक दाखवतो. बाईंना लकवा मारला, डावा हात लुळा पडला. फिजिओथेरपिस्ट त्या हाताची ताकद आणि हालचाल परत आणायला झटतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो, घरात भाकरी कोण करतं? त्याच करत असतील, तर काम परातीपासून सुरू होतं. एका हाताने पीठ मळताना परात गरागरा फिरते, म्हणून खाली ओलं फडकं अंथरायचं आणि परात भिंतीला टेकवायची. मळणं आणि थापणं एका हाताने जमतं. अडतं ते थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकताना, कारण तिथे दोन्ही हात लागतात. मग थालीपीठाची युक्ती वापरायची. ओल्या सुती फडक्यावर भाकरी थापायची, फडक्यासकट उचलून तव्यावर उपडी करायची आणि फडकं सोलून घ्यायचं. उलथन्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड जाड होते. जमिनीवरची चूल दोन फूट उंच ओट्यावर घेतली तर बाई खुर्चीत बसून काम करू शकतात.

यात फसतं कुठे? लकव्यानंतर पुष्कळदा हाताची जाणीवही जाते. हात तव्याला टेकला तरी चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. म्हणून आधी डोळे मिटायला सांगून गार-गरम आणि टोचण्याची तपासणी करायची, भाकरी त्यानंतर. हा क्रम चुकला तर उपचारच अपाय ठरतो.

मग यात 'न्याय' कुठून आला?

आता बाईंना भाकरी जमू लागली, पण सासूबाई चुलीपाशी बसू देत नाहीत. 'लोक काय म्हणतील, आजारी सुनेला राबवतात.' हात सुधारला, दिवस तसाच राहिला. असे अनुभव जगभर साठत गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन विल्कॉक आणि कॅनडातल्या एलिझाबेथ टाउनसेंड यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस 'ऑक्युपेशनल जस्टिस' ही कल्पना मांडली. अर्थपूर्ण कामात दिवस घालवता येणं ही गरज अन्नपाण्याइतकीच मूलभूत आहे, आणि ती हिरावली गेली तर तो अन्याय आहे, निव्वळ दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही, असं ही कल्पना सांगते. आपण तिला 'दिवसाचा न्याय' म्हणू.

हा अन्याय चार तऱ्हांनी होतो. पुस्तकी नावं बाजूला ठेवून मराठवाड्यातच बघू.

पहिली तऱ्हा, करायचंय पण परिस्थिती करू देत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आठवा. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि माणसं काठावरून पाणी शेंदतात. एका हाताने शेंदता येत नाही, अंधाला काठ धोक्याचा, आणि टँकरची वेळ ठरलेली नसल्याने दिवसभर कान तिकडेच. इथे माणूस पायामुळे किंवा डोळ्यामुळे अडलेला नाही, तो पाणीवाटपाच्या रीतीमुळे अडलाय. हेच पाणी टाकीत घेऊन अडीच फुटांवर तोट्यांची ओळ लावली, नंबर लावून वाटलं आणि पंधरा लिटरच्या हंड्याऐवजी पाच-सात लिटरचे डबे चालवून घेतले, तर ते 'अपंगत्व' तिथल्या तिथे निम्म्यावर येतं.

दुसरी तऱ्हा, काम आहे पण त्यात जीव नाही. पंचवीस वर्षांच्या तरुणाला वर्षानुवर्षं मणी ओवायला बसवतात. 'काहीतरी करतोय ना.' त्याला मात्र शेळ्या राखायच्या असतात.

तिसरी तऱ्हा, दुसरेच ठरवतात. ग्रामसभेला कुणी बोलावत नाही, आणि बोलावलं तरी ती पायऱ्या चढून वरच्या खोलीत.

चौथी तऱ्हा तोल जाण्याची. काहींवर कामाचा डोंगर, काहींना कामच नाही. इथे बीडच्या ऊसतोड मजूर बायकांकडे बघावंच लागतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती अंगावर काम करून फेडायची. एक दिवस खाडा झाला की दंड. पहाटे उठून स्वयंपाक, मग फडात तोडणी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत, रात्री खोपीवर पुन्हा चूल. अशा दिवसात पाळीच्या दुखण्याला जागाच नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. यातल्या बहुतेक बायका कुठल्याही अपंगत्वाच्या यादीत बसणार नाहीत. तरी हा विषय या संशोधनाच्या ऐन मध्यावरचा आहे, कारण दिवसाची घडीच शरीर मोडते आहे. माझ्या मते या शाखेचं खरं मोल इथेच आहे. शरीर बिघडल्यावर काय, याच्या आधीचा प्रश्न ती विचारते.

हे मोजतात कसं?

'दिवस' ही काय मोजायची वस्तू आहे का, ही शंका रास्त आहे. तरी तीन-चार साधनं आहेत आणि ती वाटतात तेवढी अवघड नाहीत.

पहिलं साधन कॅनडात तयार झालं, १९९१ पासून वापरात आहे. माणसाला विचारायचं, स्वतःची निगा, कामधंदा आणि विरंगुळा यांत काय करायचं आहे आणि जमत नाही? महत्त्वाची जास्तीत जास्त पाच कामं निवडायची. प्रत्येकाला त्या माणसानेच एक ते दहा गुण द्यायचे, आधी 'किती जमतं' याला आणि मग 'त्यावर समाधान किती' याला. भाकरी ३, अंघोळ ४, बाजार २ असे आले तर सरासरी ३. तीन महिन्यांनी तेच विचारल्यावर ६, ५, ४ आले तर सरासरी ५. दोन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडला तर तो खरोखर जाणवणारा फरक मानतात. गुण देणारा डॉक्टर नाही, माणूस स्वतः आहे, हे यातलं मर्म.

पण हे साधन आपल्याकडे आणलं की एक गंमत होते. 'तुम्हाला स्वतःसाठी काय करायचंय?' असं विचारलं की बाई म्हणते, 'माझं काय, लेकरांचं झालं की झालं.' 'मी' वेगळा काढून प्रश्न विचारणं ही तिकडची सवय. ही अडचण जपानलाही आली आणि तिथून मायकेल इवामा यांनी नदीचं चित्र वापरणारी पद्धत पुढे आणली. पाणी म्हणजे आयुष्याचा ओघ, दगड म्हणजे अडचणी, काठ आणि तळ म्हणजे घर-गाव-परिस्थिती, वाहत आलेली लाकडं म्हणजे स्वभाव, नाती, हातातली पुंजी. माणसाने आपली नदी काढायची. कल्पना झकास आहे. फक्त तेरणा-मांजराकाठच्या माणसाला नदी म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष वाळू, तेव्हा त्याने कोरडं पात्र काढलं तर लगेच नैराश्याचं निदान करू नये!

दुसरं साधन म्हणजे दिवसाची नोंद, अर्ध्या अर्ध्या तासाची. इथे घड्याळ विचारू नये. दूध घालायची वेळ, शाळेची घंटा, एसटीचा फेरा अशा खुणांवरून विचारलं तर नोंद नेमकी येते. तिसरं, फोटोंचं. लोकांनी आपल्या मोबाइलवर 'मी कुठे अडतो' याचे फोटो काढायचे, एकत्र बसून निवडायचे, आणि तेच ग्रामसेवकापुढे ठेवायचे. फोटोत दुसऱ्याचा चेहरा आला तर त्याची परवानगी घ्यायची, नाहीतर गावात भांडण ठरलेलं.

चौथं साधन मोजणीचं, आणि यावर जरा थांबायला हवं. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोक अपंग निघाले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. जागतिक आरोग्य संघटना मात्र म्हणते, जगात दर सहांपैकी एकाला लक्षणीय अपंगत्व आहे. एवढी तफावत का? व्याख्या वेगळ्या, वयोमान वेगळं, पण मोठं कारण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. 'घरात कुणी अपंग आहे का?' असं दारात उभं राहून विचारलं तर लग्नाची मुलगी असलेलं घर 'नाही' म्हणणारच. म्हणून वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाने सहा साधे प्रश्न बसवले. पाहणं, ऐकणं, चालणं-चढणं, लक्षात ठेवणं, स्वतःची निगा, आणि बोलणं समजणं-समजावणं, यांत अडचण येते का? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडी, खूप, करताच येत नाही. एकाही प्रश्नाला 'खूप' किंवा 'करताच येत नाही' आलं की त्या माणसाची गणती होते. 'अपंग' हा शब्द प्रश्नात कुठेच नाही. मर्यादाही आहेत. मानसिक आजार यात निसटतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हे प्रश्न नाहीत. शिवाय आजोबा म्हणतात, 'अडचण कसली, वय झालं', तेव्हा 'वय सोडा, पायऱ्या चढता का ते सांगा' असं पुन्हा विचारावं लागतं.

मराठवाड्यात आणखी एक खड्डा आहे. डिसेंबर-जानेवारीत बीड-जालन्याच्या ऊसतोडीच्या गावांत पाहणी केलीत तर निम्म्या घरांना कुलूप. मागे उरतात म्हातारे, आजारी आणि ज्यांना फडावर नेता येत नाही ते. टक्का फुगून येतो, आणि दिवसभर राबून कंबर गेलेले नेमके निसटतात. हंगाम सुटल्यावर, मे महिन्यात, तीच पाहणी वेगळं चित्र देते. दोन्ही वेळा मोजावं, आणि अहवालात महिना लिहावा.

रॅम्प आहे की, आणखी काय हवं?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. रॅम्प आहेत हे खरं, पण चाकाची खुर्ची चढेल असे किती?

गणित सोपं आहे. मापदंड १ ला १२ चा. म्हणजे जोतं जेवढं उंच त्याच्या बारा पट लांब उतार. शाळेचं जोतं दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट हवा. प्रत्यक्षात आठ-दहा फुटांत आटोपतात, कारण पुढे हातपंप किंवा ध्वजाचा कट्टा असतो. एवढ्या तीव्र उतारावर खुर्ची मागे कलंडते, ढकलणाऱ्याचाही ताबा सुटतो. जागा नसेल तर उतार वळवून घ्यायचा, वळणावर आणि वर दारापाशी पाच फूट सपाट जागा ठेवायची. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. चकचकीत फरशी नको, खरखरीत कोबा बरा.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर दोन पावसाळ्यांत रॅम्प जोत्यापासून सुटतो आणि सांध्यात दोन इंचांची पायरी तयार होते. धडधाकट माणसाला ती दिसतही नाही, खुर्चीचं पुढचं छोटं चाक मात्र तिथेच अडतं आणि बसलेला तोंडावर येतो. वरची काळी माती काढून मुरूम थरांनी दाबून भरायचा, हे कंत्राटात लिहून घ्यायला हवं. तीनचाकी सायकलचंही तेच. शिबिरात वाटप होतं, फोटो निघतात, आणि पहिल्या पावसात चिखल चाकात गच्च बसून ती गोठ्यात जाते.

आणि रॅम्प चढून आत गेल्यावर संडासाचं दार अडीच फुटी, तेही आत उघडणारं. खुर्ची आत गेली तर दार लागत नाही. दार तीन फूट, बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. हे शाळेला 'जमलं तर करा' म्हणून सोडून द्यायचं नाही. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान मापदंड सक्तीचे करा.

'आधी धडधाकटांचं तर बघा' आणि इतर आक्षेप

गावात धडधाकटांनाच पाणी नाही, रस्ता नाही, हे खरं आहे. पण अडीच फुटांवरची तोटी फक्त अपंगांना उपयोगी पडते का? गरोदर बाईला, सत्तरीच्या आजीला, दहा वर्षांच्या पोरीलाही तीच सोयीची. मळणी यंत्राचंही तसंच. सोयाबीनच्या सुगीत हात गेलेल्यांवर नंतर कितीही उपचार करा, मुळात पेंढी आत सरकवायची नाळ आखूड आणि उघडी होती. मापदंड ती ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर झाकलेली असावी असं सांगतो. तेवढी लांबी असली की हात ड्रमपर्यंत पोचत नाही. रात्रीची मळणी, लोंबती बाही आणि दमलेला माणूस हे तिन्ही एकत्र आले की काय होतं ते सुगीच्या दिवसांतल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याला माहीत असतं.

'हे समाजकार्य झालं, थेरपी कुठे?' याचं उत्तर किल्लारीत सापडतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की मिळाली, रस्ते सरळ आखले. पण शहरासारख्या आखणीत घरं लांब लांब गेली, भावकीची गल्ली मोडली, पार आणि वेस मागे राहिली, शेतं दूर पडली. ज्यांना खरचटलंही नव्हतं, त्या म्हाताऱ्यांचाही सकाळचा आणि संध्याकाळचा क्रम हरवला. असं नुकसान कुठल्याही एक्स-रेत दिसत नाही, ते दिवसाच्या नोंदीतच दिसतं. पुनर्वसनाच्या नकाशावर घराआधी 'लोक कुठे बसतात' हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

'थेरपिस्ट आहेत कुठे?' हा आक्षेप मात्र खरा, आणि त्याला गोड उत्तर नाही. शिक्षणाच्या जुन्या संस्था मुंबई-नागपुरात, आणि शिकलेले बहुतेक शहरात थांबतात. म्हणून प्राथमिक आरोग्यावरच्या १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर समाजाधारित पुनर्वसनाची वाट निघाली. तज्ज्ञाने गावातल्यांना शिकवायचं आणि रोजचं काम गावानेच करायचं. २०१० च्या जागतिक मार्गदर्शिकेत त्याचे पाच खांब दिलेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण. आशाताई किंवा विशेष शिक्षक दिवसाची नोंद घेऊ शकतात, चुलीची उंची बदलायला सांगू शकतात, कंबरेखाली जाणीव गेलेल्या माणसाला अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना शिकवू शकतात. पण हाताला आधार द्यायची पट्टी (स्प्लिंट) त्यांनी बनवू नये, आणि पडून पडून झालेली जखम काळी पडली तर घरी लेप लावत बसू नये. ते तज्ज्ञाचं काम. मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आधी जावं.

पैसा कुठून?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे, असा राज्याचा नियम आहे. छोट्या गावात ही रक्कम काही हजारांतच असते आणि पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना सारखी वाटून टाकतात. प्रत्येकाच्या हातात हजार-दीड हजार येतात आणि दिवाळीत संपतात. त्याऐवजी एक वर्ष टाकीच्या तोट्या, पुढच्या वर्षी शाळेचा संडास असं ठरवता येतं. ठरवणारे मात्र तेच हवेत ज्यांचा दिवस अडलाय, आणि सभा तळमजल्यावर हवी.

अर्ज करताना 'आम्हाला रॅम्प मिळावा' एवढंच लिहिलं तर पुन्हा आठ फुटीच मिळेल. असं लिहा: 'जिल्हा परिषद शाळेच्या जोत्याची उंची २ फूट. उतार २४ फूट लांब, ४ फूट रुंद. खालची काळी माती काढून मुरुमाची भर. वर दारापाशी ५ फूट सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. संडासाचे दार ३ फूट, बाहेर उघडणारे. काम झाल्यावर देयक काढण्यापूर्वी चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीने चढून पाहावे.' पोच घ्यायला विसरू नका.